बसून चालवायचं मशीन

"यावर तुमच्यापैकी कोणी विश्वास ठेवणार नाही," मी म्हणालो, "पण आमच्या क्लबातला बैल बूट घालायचा."

ओट्यावरची मंडळी हसली. बयाजीच्या वर्षश्राद्धाची शेवटची पंगत नुकतीच उठली होती. पोटं जड झाली होती आणि कोणालाच लगेच घरी जायचं नव्हतं. मी घाटमाथ्यावरून दोन एस्ट्या बदलून खाली आलो होतो. बयाजीचा जुना सोबती म्हणून घरातली एकुलती एक खुर्ची मला दिली होती, आणि खुर्ची मिळाली की माझी जीभ मोकळी सुटते, हे मला ओळखणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. ओट्यावर मला ओळखणारं कोणी नव्हतं.

समोर बसला होता रणजित, बयाजीचा नातजावई, कऱ्हाडकडचा. घरात कोणी गेलं की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, त्या रीतीने बयाजीच्या नातीचं लग्न झालेलं. त्यामुळे रणजितने बयाजीला पाहिला तो भिंतीवरच्या फोटोतच. तो बिचारा आदराने म्हणाला होता, तुम्ही आजोबांबरोबर काम केलंत, त्यांचं काहीतरी सांगा. म्हणून मी बैलापासून सुरुवात केली.

"बूट म्हणजे नाल म्हणायचेत का तुम्हाला?" रणजितने विचारलं.

"नाल कसले? बूट. चामड्याचे, वर नाडी बांधायचे."

मग मी त्यांना समजावून सांगितलं. क्लबाची हिरवळ बारा एकर. पावसाळा सरता सरता जमीन लोण्यासारखी मऊ असायची. गवत कापायचं लोखंडी मशीन बैल ओढायचा, आणि त्याचा खूर रुतला की वाटीएवढा खड्डा पडायचा. तसल्या खड्ड्यात साहेब लोकांचा चेंडू अडकला की शिव्या आम्हाला. म्हणून इंग्रज साहेबाच्या काळापासून बैलाला बूट. बाजारातला चांभार दर दिवाळीला येऊन दोरीने माप घेऊन जायचा. बैलाचं नाव हौश्या. बुटांची त्याला इतकी सवय झाली होती की बूट काढल्याशिवाय तो गोठ्यात पाऊल टाकत नसे. उंबऱ्याशी एक पाय उचलून उभा राहायचा, पाहुण्यासारखा.

"काका, आता फार झालं हं," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळे पुन्हा हसले.

मी वाईट वाटून घेतलं नाही. उंबऱ्याचं जरा जास्त झालं असेल, पण बूट शंभर टक्के खरे होते. थापा मारणाऱ्याला आयुष्यभरात एक गोष्ट कळते. लोकांना आधी हसायला काहीतरी द्यावं. एकदा का त्यांना वाटलं की आपण म्हाताऱ्याला पकडलं, की पुढचं ते मुकाट्याने गिळतात.

पुढचं मी सांगितलं ते असं.

बयाजी आणि मी, दोघे मिळून मैदान सांभाळायचो. एकाने बैलापुढे चालायचं, एकाने मागे मशीनचा दांडा धरायचा. गवत असं वाढायचं की छत्री टेकवून चहाला जावं, तर परत येईपर्यंत नुसती मूठ दिसायची. सोमवारी वरच्या अंगाला सुरुवात केली की शनिवारी खालच्या तळ्याशी पोचायचो, आणि वळून पाहावं तर वरचं पुन्हा घोट्यापर्यंत आलेलं. अशी सोळा वर्षं गेली. मग एका आषाढात बयाजी बांधावरून घसरला आणि त्याचा उजवा गुडघा गेला. गेला म्हणजे मोडला नाही, पण सुजून नारळाएवढा झाला तो झालाच. सकाळी दोन तास बरा चालायचा. नंतर एकेक पाऊल म्हणजे एकेक खिळा.

"मग दवाखान्यात?" रणजित म्हणाला.

दवाखान्यात जाऊन काय होणार होतं? डॉक्टरने लिहून दिलं असतं की या माणसाला चालण्याचं काम देऊ नका, आणि मैदानावर दुसरं काम नव्हतं. नोकरी गेली की मागच्या अंगणातली क्लबाची खोलीही जायची. नोकरी संपायला अजून नऊ वर्षं होती, आणि त्या खोलीशिवाय त्याला डोक्यावर छप्पर नव्हतं, ना गावी कुठे वीतभर जमीन.

रणजितने मान वर केली आणि डोक्यावरच्या सागवानी तुळईकडे पाहिलं. मी घाईने म्हणालो, हे घर नंतरचं. त्याने मान हलवली. मी पुढे सरकलो.

तर आम्ही दोघांनी तो गुडघा लपवला. मैदानाची सगळी व्यवस्था कर्नलसाहेबांकडे होती. माणूस रिटायर झालेला, पण कणा अजून नोकरीत असल्यासारखा. रोज दहाला ते व्हरांड्यात येऊन दुर्बीण डोळ्याला लावायचे. तेवढ्या वेळात हौश्याला थांबवायचं, त्याच्या बुटाची नाडी सोडायची आणि पुन्हा बांधत बसायचं, म्हणजे मागच्याला दांड्यावर रेलून उभं राहता येई. दोन पावसाळे त्या नाडीवर निघाले. हौश्यालाही ते समजलं होतं. दहा वाजले की तो आपणच थांबायचा.

आणि मग एका सोमवारी कर्नलसाहेबांनी आम्हाला व्हरांड्यात बोलावलं. टेबलावर रंगीत पुस्तकं पसरली होती, मशीनच्या चित्रांची. बैल म्हातारा झाला, आता इंजिनाचं मशीन घ्यायचं, असं कमिटीत ठरलं होतं. पण कोणतं घ्यायचं याचा घोळ होता. एक होतं मागून ढकलत चालायचं. दुसरं होतं वर बसून चालवायचं, छोट्या ट्रॅक्टरसारखं, पोटाखाली पाती असलेलं. कर्नलसाहेबांनी पेन्सिलीने कागदावर गणित मांडलं होतं, आणि ते त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं. ढकलायच्या मशीनची पाती वीस इंच रुंद. बारा एकर एकदा कापायचं म्हणजे साठ मैल चाल. दोन माणसं, पाच दिवस, म्हणजे माणशी रोजचे सहा मैल. बसायच्या मशीनला चाळीस इंचांची पाती, म्हणून निम्मी चाल, आणि तीही बसून.

साठ मैल हा आकडा ऐकल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर साहेबांना कळलं असतं.

"ढकलायचं घेतलं तर दोन घेऊ आणि तुम्ही दोघे राहाल," कर्नलसाहेब म्हणाले. "बसायचं घेतलं तर एकच माणूस लागेल. दुसऱ्याला मला रजा द्यावी लागेल. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. आता वापरणार तुम्ही, तर तुम्हीच सांगा."

इथे मी थांबलो आणि पाणी मागितलं. गोष्ट कुठे अडली आहे हे सगळ्यांना कळलं होतं. धडधाकट माणसाने 'ढकलायचं' म्हटलं की त्याची नोकरी पक्की होती. दुसऱ्याचं काय व्हायचं ते रोजच्या सहा मैलांनी केलं असतं, त्याने नव्हे. महिनाभरात लंगडा आपणच घरी बसला असता, आणि कोणाच्या अंगाला दोष लागला नसता.

"मग तुम्ही काय सांगितलंत?" रणजितने विचारलं.

"मी सांगितलं, साहेब, बसायचं घ्या."

कर्नलसाहेबांनी चष्मा काढला. कारण विचारलं. मी सांगितलं, खालच्या अंगाला उतार आहे, ओल्या उतारावर ढकलायचं मशीन माणसाला घेऊन खाली येतं. शिवाय ओलं गवत पात्याखाली गोळा होतं आणि लहान इंजिन गुदमरतं. मोठ्या इंजिनाला ते नाही. हे सगळं खरं होतं, आणि खरं कारण त्यातलं एकही नव्हतं. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले, ठीक आहे, दोन्ही बोलावू, चालवून बघू.

पुढच्या गुरुवारी पुण्याहून एक ट्रक आला. दुकानदाराचा माणूस टाय लावून आला होता, चिखलाकडे बघून त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. ढकलायचं मशीन निळं होतं, बसायचं लाल. लाल मशीनला काळी गादीची सीट होती, मागे टेकायला पाठ, आणि गाडीसारखं गोल चाक. साहेबांनी छत्रीने त्याची रुंदी मोजली, मग खालच्या फाटकाची रुंदी मोजली. दोन बोटं राहत होती. दोन जांभळींच्या मधली जागा मोजली. मशीनच्या खाली वाकून पाती किती खाली येतात ते बघितलं. पोरीला बघायला गेलेल्या सासऱ्याने जेवढे प्रश्न विचारले नसते तेवढे त्या टायवाल्याला विचारले. पेट्रोल किती पितं, पात्यांना धार कोण लावणार, दगड लागला तर काय, पट्टा तुटला तर सातारला मिळतो का पुण्याला यावं लागतं. निळं मशीन उतारावर चालवून बघितलं. दुसऱ्याच फेरीत त्याच्या तोंडात ओल्या गवताची वैरण अडकली आणि ते खोकून बंद पडलं. साहेबांनी कागदावर फुली मारली.

म्हणजे मशीन ठरलं होतं. राहिला होता माणूस.

साहेब म्हणाले, दोघांनी एकेक फेरी मारायची. वरून निघायचं, जांभळीला वळसा, तळ्याच्या काठाने परत. ज्याचा हात बसेल तो राहील. बोलणं सरळ होतं. पण त्यांची नजर कोणावर होती ते मला दिसत होतं. धडधाकट माणूस मशीनही चालवतो आणि उरल्या वेळात कुंपणही बांधतो. दोघांचा हात सारखाच बसला असता तर निवड झालीच होती.

"आधी बयाजी बसला," मी म्हणालो. "आणि मंडळी, त्याचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. क्लच डाव्या पायाखाली. उजव्या पायाला कामच नाही. गुडघा नुसता ठेवून द्यायचा, नव्या नवरीसारखा. दोन वर्षांनी तो माणूस मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि त्याला कुठे दुखलं नाही. हळू गेला, जांभळीला जपून वळला, मागे वळून बघितलं तर कापलेला पट्टा पाटीवरच्या रेघेसारखा सरळ. उतरताना सीटवरून हात फिरवून उतरला."

रणजितच्या बाजूला बसलेल्या एका म्हाताऱ्याने नाक ओढलं. मी आवाज खाली आणला. ही जागा मला तोंडपाठ आहे.

"मग माझी पाळी. टायवाला म्हणाला, चला. मी म्हटलं, थांबा जरा. कमरेची चंची सोडली आणि जवळच्या दगडावर नीट ठेवली, आत तंबाखू होती, भिजायला नको. मग बसलो. जांभळीपर्यंत असं नेलं मशीन की साहेबांनी छत्री काखेत मारली, म्हणजे त्यांचं मन झालं. वळसा घेतला. तळ्याचा काठ आला. आणि मी चाक फिरवलंच नाही."

"फिरवलं नाही?"

"नाही. सरळ कमळांत. सीटपर्यंत पाणी. बेडकांनी दोन दिवस आवाज केला नाही. टायवाला काठावर बसून डोक्याला हात लावून रडायचा बाकी होता. शेवटी हौश्याला आणला आणि दोर बांधून मशीन ओढून काढलं. तोही बूट घालूनच."

या वेळी बुटांवर कोणी हसलं नाही.

कर्नलसाहेब काही ओरडले नाहीत, मी सांगितलं. दोर सोडेपर्यंत उभे राहिले आणि एवढंच म्हणाले की हा माणूस या मशीनवर पुन्हा दिसता कामा नये. मशीन वाळवायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ते सुरू झालं, आणि त्यावर कोण बसलं हे सांगायला नको.

आतून भांडी विसळल्याचा आवाज येत होता, तो मध्येच थांबला. रणजितने जरा पुढे सरून विचारलं, "म्हणजे काका, तुम्ही मुद्दाम घातलंत?"

"मुद्दाम."

"आणि आजोबांना हे कळलं होतं?"

"कधीच नाही," मी म्हणालो. "चाक अडकलं असंच सांगितलं. उपकार कळला की दोस्ती राहत नाही, जावईबापू."

हे वाक्य मी प्रत्येक वेळी टाकतो आणि प्रत्येक वेळी ते लागू पडतं. रणजितचे डोळे भरून आले. तो उठला, खुर्चीपुढे वाकला आणि माझ्या पायांवर हात ठेवत म्हणाला, की या घरावर तुमचे एवढे उपकार असून कोणी आम्हाला सांगितलंसुद्धा नाही. मी आशीर्वादाला हात उचललाच होता.

"भाऊजी," दारातून आवाज आला, "तुम्ही तंबाखू कधीपासून खायला लागलात?"

पारूवहिनी उभ्या होत्या. बयाजीची बायको. हातात सुपारी-बडीशेपेचं तबक होतं. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. सकाळपासून त्या माझ्याशी दोनच वाक्यं बोलल्या होत्या, बसा आणि जेवा.

"तेव्हा खात होतो, वहिनी," मी म्हणालो. शेवटपर्यंत हात-पाय मारणं हा माझा स्वभावच आहे.

"नव्हता खात. वासाने तुम्हाला मळमळायचं. हे घरात तंबाखू मळायला लागले की तुम्ही बाहेर जाऊन उभे राहायचात. ती चंची ह्यांची. मी शिवली होती, माझ्या लुगड्याच्या काठाची." मग त्या रणजितकडे वळल्या. "उठा, जावईबापू. ज्यांच्या पाया पडायचं ते फोटोत आहेत. तुमच्या आजेसासऱ्यांच्या पायाला कधी काही झालं नव्हतं. घाट चढून उतरायचे, साठाव्या वर्षीसुद्धा. गुडघा ह्या भाऊजींचा होता. 'बसायचं घ्या' म्हणाले ते आमचे. आधी फेरी मारली ती भाऊजींनी, आणि तळ्यात गेले ते आमचे."

रणजित उठला. त्याची नजर माझ्या खुर्चीला टेकवलेल्या काठीवर गेली. सत्तरी उलटलेल्या माणसाला काठी का, हे एरवी कोणी विचारत नाही.

मी बसून होतो. त्या लाल मशीनवर मी सात वर्षं काढली, नोकरी संपेपर्यंत, आणि कमिटीने राहू दिलं म्हणून क्लबाच्या खोलीत अजून राहतो. ओट्यावर आता कोणीतरी हसावं, काका फार झालं म्हणावं, असं मला मनापासून वाटलं. कोणी हसलं नाही.

वहिनींनी तबक खाली ठेवलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही सुचलं असतं.

"दुसऱ्या दिवशी बैल घेऊन घाट उतरून आले," त्या म्हणाल्या. "साहेबांनी बैल देऊन टाकला होता. मी विचारलं, असं कसं झालं, तर रात्री सांगितलं, मुद्दाम केलं म्हणून. आणि मला शपथ घातली. म्हणाले, म्हादूला कळू देऊ नको, त्याला वाटू दे की मला चाक जमलं नाही. कळलं तर त्या सीटवर त्याला सुखाने बसता येणार नाही. मरेपर्यंत पाळलं त्यांनी ते. तुम्ही दर दिवाळीला यायचात, 'बयाजी, तुला चाक काही जमलं नाही' म्हणून चिडवायचात, आणि ते हसायचे. मी चुलीपुढे बसून ऐकायची. मला वाटायचं, हा माणूस भोळा आहे."

मी काठी उचलून मांडीवर घेतली.

"पण आता तुम्हीच म्हणालात, चंची आधी सोडून दगडावर ठेवली, भिजू नये म्हणून. हे तर मलाही त्यांनी सांगितलं नव्हतं. म्हणजे तुम्ही ते पाहिलं होतं."

"पाहिलं होतं, वहिनी."

"कधी? मशीन बाहेर काढल्यावर?"

थाप मारायला अजून जागा होती. 'हो' म्हणायचं होतं नुसतं. त्याने निम्मं तरी झाकलं गेलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "तो मशीनवर चढायच्या आधी. चंची ठेवून त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी दुसरीकडे बघितलं."